मणी अस्सल, दावा नकली

"डॉक्टर, हे ओरिजिनल आहे का हो?"

मनगट पुढे करून हा प्रश्न हल्ली मला वरचेवर विचारला जातो. बीपी बघायला पेशंटने बाही वर सरकवली की खाली दोन-तीन माळा असतातच. एक काळ्या मण्यांची, एक तपकिरी-सोनेरी पट्ट्यांची, एक चमचमत्या पिवळ्या दगडांची. कुणी ती बीपीसाठी घेतलेली असते, कुणी थायरॉईडसाठी, कुणी झोपेसाठी, कुणी मुलाच्या परीक्षेसाठी. किंमत दोनशे रुपयांपासून पुढे विकणाऱ्याच्या हिमतीवर.

मी काही रत्नपारखी नाही. तरीही हा प्रश्न लोक सराफाला न विचारता मला विचारतात, याचा अर्थ त्यांच्या लेखी तो आरोग्याचा प्रश्न आहे. म्हणून आज त्याचं सविस्तर उत्तर देतो. मणी खरा की खोटा हे कसं ओळखायचं तेही सांगतो, आणि ओळखून तुमच्या तब्येतीत काय फरक पडेल तेही सांगतो. दुसरं उत्तर जरा कडू आहे.

एका प्रश्नात दोन प्रश्न

"ओरिजिनल आहे का" या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. पहिला, हा मणी ज्या दगडाचा म्हणून विकला, त्याच दगडाचा आहे का? दुसरा, या दगडाबद्दल जे सांगितलं, ते खरं आहे का? पहिला प्रश्न रत्नशास्त्राचा आहे. त्याचं उत्तर उपकरणं लावून मिळतं. दुसरा प्रश्न वैद्यकाचा आहे. त्याचंही उत्तर मिळतं, पण ते कुणी विचारत नाही.

विकणाऱ्याची सगळी हुशारी इथेच आहे. तो पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोठ्या आवाजात देतो. सोबत प्लॅस्टिकचं कार्ड, त्यावर मण्याचा फोटो, "लॅब सर्टिफाईड, १०० टक्के नॅचरल" असा शिक्का. तुम्ही निर्धास्त होता. आणि त्या निर्धास्तपणात दुसरा प्रश्न गुपचूप पास होऊन जातो. दगड खरा, म्हणजे दगडाचे गुणही खरे, असं तुमचं मन परस्पर ठरवून टाकतं.

याचा विक्रेत्याला आणखी एक फायदा आहे. गुण आला नाही, तर उत्तर तयार असतं: "तुम्ही दुसरीकडून घेतलं असेल, ते डुप्लिकेट होतं." म्हणजे गुण आला तर दगड थोर, नाही आला तर दगड खोटा. दावा चुकीचा ठरेल अशी एकही वाट यात ठेवलेली नाही. औषधाच्या बाबतीत मी असं बोललो तर तुम्ही मला दारात उभं कराल का? मी दिलेल्या गोळीने साखर उतरली तर गोळी उत्तम, नाही उतरली तर तुमच्या केमिस्टने खोटी गोळी दिली, असं मी दर वेळी म्हणत राहिलो तर?

"खरा" म्हणजे नेमकं काय?

बाजारात "खरा" या शब्दाचे निदान चार अर्थ फिरत असतात.

नैसर्गिक: जमिनीतून निघाला, कापला, घासला, भोक पाडलं, बस्स.

प्रक्रिया केलेला: दगड जमिनीतलाच, पण रंग भट्टीतून किंवा रंगाच्या भांड्यातून आलेला. सिट्रीन, म्हणजे आपल्याकडे ज्याला सुनेला म्हणतात, तो याचं उत्तम उदाहरण. बाजारातलं बरंचसं सिट्रीन हे मुळात जांभळं अमेथिस्ट असतं. भट्टीत तापवलं की जांभळा रंग जाऊन पिवळा-केशरी येतो. आता गंमत बघा. विक्रेत्याच्या तक्त्यात अमेथिस्ट "मन शांत करतं" आणि सिट्रीन "पैसा खेचून आणतं". म्हणजे एकाच दगडाला भट्टीत घातलं की तो मनःशांतीचं खातं सोडून अर्थखात्यात बदली होऊन जातो!

कृत्रिम: कारखान्यात वाढवलेला, पण रचना अगदी तीच. स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ. तो कारखान्यातही वाढवता येतो आणि रासायनिकदृष्ट्या तो शंभर टक्के क्वार्ट्झच असतो. डोळ्यांनी फरक कळणं अशक्यच.

नकली: दिसायला तसा, पण वस्तूच वेगळी. "ओपलाईट" नावाने विकतात ती माणसाने बनवलेली काच. तपकिरी रंगात चमचमणारा "गोल्डस्टोन" हीदेखील काचच, आत तांब्याचे बारीक कण. तिचा निळा प्रकारही काचच. फिरोजा म्हणून निळ्या रंगात बुडवलेला पांढरा हाउलाईट किंवा मॅग्नेसाईट सर्रास खपतो. "मॅग्नेटिक हेमॅटाईट" म्हणून जे काळे मणी एकमेकांना चटाचट चिकटतात, ते कारखान्यात बनवलेले चुंबक असतात. निसर्गातला हेमॅटाईट असा चिकटत नाही. आणि दागिन्यांच्या दुकानात ज्याला "क्रिस्टल" म्हणतात, ती बहुतेक वेळा पैलू पाडलेली काच असते. नावात क्रिस्टल, पण शास्त्राच्या व्याख्येने काच हा स्फटिक नव्हेच. काचेतल्या अणूंना स्फटिकासारखी नियमित मांडणी नसते.

आणि क्वार्ट्झ म्हणजे आहे तरी काय? आपल्या शेतात, नदीपात्रात सापडते ती गारगोटी. रोझ क्वार्ट्झ ही गुलाबी गारगोटी, अमेथिस्ट ही जांभळी गारगोटी. टायगर आयसुद्धा मुख्यतः त्याच घराण्यातला. लहानपणी दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणग्या पाडल्या असतील तुम्ही. तेव्हा कुणाचा मधुमेह बरा झाल्याचं आठवतं का?

घरच्या घरी काय तपासता येईल?

दागिना म्हणून माळ घेताय, पैसे मोजताय, तर फसू नये एवढी काळजी जरूर घ्या. पण घरगुती चाचण्यांची मर्यादाही ओळखा. हात लावून अंगात ताप आहे हे कळतं, ताप मलेरियाचा की टायफॉईडचा हे कळत नाही. तसंच इथे.

स्पर्श: स्फटिक काचेपेक्षा लवकर उष्णता खेचतो, म्हणून गालाला लावला तर थंडगार लागतो आणि थंडपणा काही वेळ टिकतो. प्लॅस्टिक लगेच कोमट वाटतं. प्लॅस्टिक ओळखायला ही चाचणी चांगली. काच ओळखायला जेमतेम.

भिंग: दहापट भिंगातून आत गोल गोल बुडबुडे दिसले तर ती काच समजा. स्फटिकात धुरकट पडदे, बारीक भेगा, सुयांसारखे कण दिसू शकतात. मण्याच्या भोकाकडे विशेष बघा. भोकाच्या कडेला आणि भेगांमध्ये रंग गडद साचला असेल तर मणी रंगवलेला आहे.

रंग: कापसाचा बोळा नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवून एका कडेच्या मण्यावर फिरवा. कापूस निळा-हिरवा झाला तर रंग चढवलेला आहे. कापूस पांढराच राहिला म्हणून मणी अस्सल ठरत नाही. रंगावर मेण किंवा राळ चढवलेली असू शकते. शिवाय ही चाचणी मोत्यावर, पोवळ्यावर आणि खऱ्या फिरोजावर करू नका, दागिना खराब होईल.

सारखेपणा: साठ मणी, सगळे एकाच रंगाचे, आत एकही डाग नाही आणि किंमत दीडशे रुपये? निसर्ग इतका शिस्तीचा नसतो आणि इतका स्वस्तही नसतो.

पारदर्शक मण्यासाठी एक छान युक्ती: लॅपटॉपचा स्क्रीन पूर्ण पांढरा करा आणि पोलराईज्ड गॉगल डोळ्यासमोर धरून तो स्क्रीन काळा दिसेपर्यंत फिरवा. आता मणी मध्ये धरून हळूहळू वेगवेगळ्या बाजूंनी फिरवा. काचेचा मणी बहुधा काळाच राहतो. स्फटिकाचा मणी उजळतो, पुन्हा काळवंडतो, पुन्हा उजळतो. स्फटिकातून जाताना प्रकाशाचे दोन भाग होतात, म्हणून असं होतं. पण हीसुद्धा चाचणी खाणीतला स्फटिक आणि कारखान्यातला स्फटिक यांत फरक करू शकत नाही.

ओरखडा: स्फटिकाचा कठीणपणा ७, साध्या काचेचा साडेपाचच्या आसपास. म्हणून स्फटिक काचेवर ओरखडा काढतो. हे खरं, पण मणी टवका उडून खराब होतो आणि विकत घेण्याआधी दुकानदार तुम्हाला हे करू देणार नाही.

आता काही चाचण्या ज्यांचा अर्थ शून्य: रुद्राक्ष दोन तांब्याच्या नाण्यांमध्ये धरला की फिरतो, पाण्यात टाकला की बुडतो, खडा दुधात ठेवला की दुधाचा रंग पालटतो, माळ हातात घेतली की मुंग्या येतात. नाण्यांमधली खडबडीत गोल वस्तू बोटांच्या दाबाने फिरतेच. रुद्राक्ष हे फळाचं बी आहे. ते बुडणं न बुडणं त्याच्या सुकेपणावर आणि आतल्या पोकळीवर ठरतं. कोरून "मुखं" वाढवली आहेत का हे बघायला प्रयोगशाळा चक्क एक्स-रे काढते आणि आतले कप्पे मोजते. माझ्या पेशात रोज वापरायचं यंत्र तिथेही कामी येतं, याची मला गंमत वाटते.

पक्कं उत्तर हवं असेल तर रत्नपरीक्षणाची प्रयोगशाळा गाठा. तिथे प्रकाश किती वाकतो, घनता किती (क्वार्ट्झची २.६५), भिंगाखाली आत काय दिसतं हे मोजतात. तीनशेच्या माळेसाठी हा खर्च परवडणारा नाही, आणि विक्रेत्याला हे नेमकं ठाऊक असतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. खऱ्या प्रयोगशाळेचं खरं सर्टिफिकेट नीट वाचलंत तर त्यावर दगडाचं नाव, वजन, माप, नैसर्गिक की कृत्रिम, प्रक्रिया केली आहे का, एवढंच असतं. "बीपीवर गुणकारी" असं कोणतीही शहाणी प्रयोगशाळा लिहीत नाही. हॉलमार्कचंही तसंच. तो सोन्या-चांदीच्या शुद्धतेचा असतो, खड्याचा नाही.

आता माझ्या खात्यातला प्रश्न

समजा, सगळ्या चाचण्यांत तुमची माळ पास झाली. अस्सल, खाणीतली, रंग न लावलेली. मग आजार बरा होतो का?

लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी नेमका "खरा-खोटा" हाच प्रश्न तपासला. २००१ साली त्यांनी तो प्रयोग मांडला. ८० लोकांना हातात दगड धरून पाच मिनिटं ध्यान करायला सांगितलं. काहींच्या हातात खरा क्वार्ट्झ, काहींच्या हातात नकली. कुणाच्या हातात काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. हाताला ऊब, मुंग्या, लक्ष एकवटणं, बरं वाटणं हे सगळं लोकांनी सांगितलं. पण खऱ्या दगडाने जे जाणवलं तेच खोट्यानेही जाणवलं! ज्यांना आधीच "असं असं वाटेल" म्हणून सांगून ठेवलं होतं, त्यांना ते जास्त वाटलं. म्हणजे अनुभव खोटा नव्हता, तो दगडातून येत नव्हता इतकंच. तो अपेक्षेतून येत होता.

चुंबकाच्या आणि तांब्याच्या कड्यांचंही असंच झालं. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी संधिवाताच्या (ऱ्हुमॅटॉईड आर्थ्रायटिस) ७० पेशंटांवर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने आळीपाळीने खरं चुंबकी, कमी ताकदीचं चुंबकी, बिनचुंबकी आणि तांब्याचं अशी कडी-पट्टे घातले. वेदना, सूज, आजाराचा जोर, कशातच खऱ्याने खोट्यापेक्षा जास्त काही साधलं नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: माळ ओरिजिनल असली काय आणि काचेची असली काय, तुमच्या बीपीला त्याचा पत्ता लागत नाही.

यावर एक ठेवणीतला युक्तिवाद येतो. "डॉक्टर, घड्याळात क्वार्ट्झ असतो ना? तो कंप पावतो ना? मग त्यात ऊर्जा नाही कशी?" घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो हे अगदी खरं. पण तो थरथरतो कारण घड्याळातला सेल त्याला वीज पुरवतो. सेल काढा, घड्याळ बंद. ऊर्जा सेलची, क्वार्ट्झ फक्त ठेका धरतो. तुमच्या मनगटावरच्या मण्याला सेल नाही, तार नाही. तो नुसता बसून आहे.

"पण आयुर्वेदात रत्नं सांगितली आहेत!" असंही कुणी म्हणतं. रसशास्त्रात मोती-पोवळ्यांच्या पिष्टी, भस्मं आहेत, पण ती प्रक्रिया करून पोटात घेण्याची औषधं आहेत. त्यांचे गुण-दोष हा वेगळा विषय आहे, आणि तीही तज्ज्ञ वैद्याच्या सल्ल्याशिवाय, लेबल नसलेल्या पुडीतून घेऊ नयेत. इलॅस्टिकच्या दोऱ्यात ओवलेल्या मण्यांना त्या परंपरेचं नाव उसनं घेता येणार नाही.

"पण घातलं तर बिघडतं काय?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त ऐकतो, म्हणून जरा सावकाश उत्तर देतो. तीन ठिकाणी बिघडतं.

पहिलं, औषध सुटतं. उच्च रक्तदाब दुखत नाही. वाढलेली साखर सुरुवातीला दुखत नाही. गोळी बंद केल्याने दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही, म्हणून "माळेने काम केलं" असं वाटतं. जे व्हायचं ते महिन्यांनी, वर्षांनी होतं: अर्धांगवायू, किडनी निकामी, डोळ्यांच्या पडद्यातून रक्तस्राव. फिट्सच्या पेशंटने तर एकदोन दिवस गोळी चुकवली तरी फिट येऊ शकते. टीबीचं औषध मध्येच सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि पुढचा उपचार अधिक लांबतो, अधिक अवघड होतो. छातीतल्या गाठीवर सहा महिने "ऊर्जा" घेत बसलेली बाई जेव्हा तपासणीला येते, तेव्हा ते सहा महिने तिला कुणीच परत देऊ शकत नाही. मणी निरुपद्रवी असेलही, त्याच्यावर टाकलेला भरवसा निरुपद्रवी नाही.

दुसरं, वस्तूच अपायकारक असू शकते. इथे मात्र मणी कशाचा आहे याने तब्येतीला खरोखर फरक पडतो. आणि गंमत म्हणजे विक्रेता नेमकं हेच सांगत नाही.

मण्यांमधले धातूचे तुकडे, कड्या, फासे बऱ्याचदा निकेल असलेल्या मिश्रधातूचे असतात. घाम लागला की निकेल सुटतं आणि मनगटावर, मानेवर खाजरे लाल चट्टे येतात, पाणी सुटतं. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली की सहसा आयुष्यभर राहते. लोक म्हणतात, "दगड सोसला नाही, ग्रह उलटा पडला." नाही हो, निकेल सोसलं नाही.

सध्या गाजत असलेला पायराईट हे लोह आणि गंधकाचं संयुग आहे. दमट हवेत, घामात तो गंजतो आणि त्यातून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. थोडंसंच असतं, पण कोरड्या, चिरलेल्या त्वचेला चुरचुरायला पुरेसं. काही पायराईटमध्ये आर्सेनिकही असतं. म्हणून तो पाण्यात घालून ते पाणी पिणं हा शुद्ध अविचार. "क्रिस्टल वॉटर"ची बाटली वापरणाऱ्यांनी हे जरूर वाचावं: मॅलाकाईटमध्ये तांबं असतं, हिंगुळात पारा असतं. कोणता दगड आहे याची खात्री नाही, आणि तो पिण्याच्या पाण्यात भिजत घालायचा?

स्वस्त काच, स्वस्त रंग आणि स्वस्त धातू यांत शिसं असू शकतं. शिशाची अमुक पातळी सुरक्षित, अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्यांनी माळ घातली तर धोका थोडा. पण रांगतं मूल आजीच्या गळ्यातली माळ तोंडात घालतं, चोखतं. धोका तिथे आहे.

लहान मुलांसाठी तर माळच नको. दात येताना उपयोगी म्हणून तृणमणीच्या माळा परदेशात विकल्या जातात, आता इथेही ऑनलाईन मिळतात. एका अठरा महिन्यांच्या बाळाला झोपेत अशाच माळेचा गळफास बसल्याची नोंद झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये असे दागिने मुलांना घालू नका असा इशारा दिला. दोरा तुटून मणी श्वासनलिकेत अडकणं हा दुसरा धोका. आणि मणी चुंबकी असतील तर तिसरा, अधिक भयंकर: मुलाने दोन चुंबकी मणी गिळले तर आतड्याच्या दोन वेगळ्या वेढ्यांतून ते एकमेकांना ओढतात, मधली आतडी चिमटली जाऊन तिला भोक पडतं. मुलाने चुंबकी मणी गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठा. शौचातून पडेल म्हणून केळी खायला घालत घरी थांबू नका.

पेसमेकर असलेल्यांनी चुंबकी माळ, पदक छातीजवळ नेऊ नये, निदान एक वीत अंतर राखावं. एमआरआयच्या आधी तर सगळंच उतरवावं.

आणि "निगेटिव्ह आयन" किंवा "५जी पासून संरक्षण" असं लिहिलेली पदकं, ब्रेसलेट? डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने अशा दहा वस्तू तपासून त्या किरणोत्सर्गी असल्याचं जाहीर केलं आणि वापरणं ताबडतोब थांबवा असं सांगितलं. मोबाईलच्या निरुपद्रवी लहरींच्या भीतीपोटी लोक खऱ्याखुऱ्या किरणोत्सर्गाचा तुकडा दिवसरात्र अंगावर बाळगत होते.

तिसरं बिघडतं ते दुसऱ्याचं. तो भाग स्वतंत्रपणे सांगायला हवा.

दगडाने होणारा खरा आजार

दगडाने आजार बरा होतो याला पुरावा नाही. दगडाने आजार होतो याला मात्र ढीगभर पुरावा आहे.

गुजरातमधल्या खंबातला अकीक जगप्रसिद्ध आहे. हडप्पा काळापासून त्या परिसरात अकिकाचे मणी बनतात. कच्चा दगड तापवून लाल करण्याची विद्याही तितकीच जुनी. आज खंबातमध्ये हे काम बरंचसं घराघरांत चालतं. दगड फोडायचा, एमरीच्या फिरत्या चाकावर घासायचा, भोक पाडायचं. अकीक म्हणजे सिलिका. घासताना उडणारी धूळ इतकी बारीक असते की डोळ्याला दिसत नाही, नाकात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या टोकाशी जाऊन बसते. शरीराच्या संरक्षक पेशी ती गिळायला जातात आणि स्वतःच मरतात. तिथे व्रण होतो, फुप्फुस घट्ट होत जातं. याला सिलिकोसिस म्हणतात. काम सोडलं तरी तो वाढत राहू शकतो. तो उलटवणारं औषध नाही. अशा फुप्फुसात टीबीही सहज घर करतो. अहमदाबादची राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्था खंबातच्या अकीक कामगारांचा हा आजार गेली कित्येक दशकं अभ्यासते आहे. कारखाना घरातच, म्हणून धूळ एकट्या कारागिराच्या वाट्याला येत नाही, चाकाशेजारी खेळणाऱ्या पोरांच्या वाट्यालाही येते.

अकीकच नव्हे, गारगोटी दळण्याच्या गिरण्यांचीही हीच कथा. गोध्र्याच्या गिरण्यांत मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूरकडचे आदिवासी मजूर कामाला जात. सिलिकोसिसने मेलेल्या या मजुरांच्या कुटुंबांना भरपाई द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये द्यावा लागला.

आता पुन्हा "अस्सल" या शब्दाकडे बघा. तुमच्या मनगटावरचा अस्सल मणी कुणीतरी घासलेला आहे. त्याच्या घासण्यात ओल्या पद्धतीने धूळ दाबली होती का, धूळ खेचणारा पंखा होता का, हे कोणत्याही "हीलिंग" कार्डावर लिहिलेलं नसतं. ज्या दगडाने तुमचा दमा बरा होणार असं सांगतात, तोच दगड बनवणारा माणूस धाप लागून बसलेला असू शकतो. दगडाच्या अस्सलपणाची एवढी चौकशी आपण करतो. त्यातली थोडी याचीही करू या.

श्रद्धा आणि धंदा

माझं भांडण तुमच्या श्रद्धेशी नाही. जपाची स्फटिकाची माळ आजीच्या हातातून तुमच्याकडे आली असेल तर ती अनमोल आहे, मग ती काचेची निघाली तरी. सुंदर दिसते म्हणून माळ घालायची असेल तर हौसेने घाला. हातात मणी फिरवत दहा मिनिटं शांत बसल्याने बरं वाटत असेल तर जरूर बसा. ती शांतता तुमची स्वतःची आहे, तिचं श्रेय दगडाला कशाला देता?

भांडण आहे ते आजाराच्या नावाने पैसे उकळणाऱ्या धंद्याशी. आणि कायद्याचंही आहे. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा ताईत, मंत्र, कवच आणि चमत्कारी गुण असल्याचा दावा केलेली तशी कोणतीही वस्तू यांना "जादुई उपाय" मानतो. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, अपस्मार अशा आजारांसाठी त्यांची जाहिरात करायला बंदी घालतो. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दैवी शक्तीचा दावा करून यंत्रं विकणाऱ्या टीव्हीवरच्या जाहिराती बेकायदा ठरवल्या. कायदा आहे, कमी पडतो तो तक्रार करणारा माणूस.

म्हणून पुढच्या वेळी माळ घेताना एवढं करा.

बिल मागा. बिलावर दगडाचं नाव, नैसर्गिक की कृत्रिम, रंगवलेला किंवा तापवलेला आहे का, हे लिहून मागा. मग म्हणा, "याने बीपी उतरतं म्हणालात ना, तेही बिलावर लिहा." बोलताना ज्याची जीभ अडखळत नाही, त्याचं पेन इथे बहुतेक अडखळतं. तुम्हाला तुमचं उत्तर तिथेच मिळेल.

फसवणूक झाली तर बिल आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करा.

धातूचे भाग निकेलविरहित आहेत का ते विचारा. चट्टा उठला तर माळ काढा, आणि चट्टा दाखवायला या.

पाच वर्षांखालच्या मुलाच्या गळ्यात, मनगटात काहीही ओवलेलं घालू नका. चुंबकी मणी घरातच आणू नका.

कोणताही दगड पिण्याच्या पाण्यात टाकू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: माळ घातली म्हणून एकही गोळी बंद करू नका, डोस कमी करू नका, ठरलेली तपासणी पुढे ढकलू नका. औषधाचा त्रास होतो, खर्च झेपत नाही, गोळ्यांचा कंटाळा आला आहे, यातलं काहीही असेल तर ते मला किंवा तुमच्या डॉक्टरांना सांगा. स्वस्त पर्याय असतात, डोस बदलता येतो. पुष्कळ वेळा माळेमागे हीच न सांगितलेली अडचण असते, आणि ती ऐकून घेणं हे आमचं काम आहे.